जुना पत्ता टाकावा कां?

ज्याच्या ई-मेलच्या पत्त्याअखेर रेडिफमेल, याहू अथवा हॉटमेल हीं नांवें दिसतात, त्याच्याकडे हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतूनही कींव केल्यासारखें पाहण्याची रीत पडली आहे. "अजून तेथेंच कां?" असें मुलगा बापास विचारतो, आणि बापही ओशाळतो. या उपहासांत आम्हांस विचार कमी व फॅशन अधिक दिसते. म्हणून जुन्या पत्त्याची बाजू मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

एके काळीं स्थलांतरास सबळ कारण होतें. हॉटमेल १९९६ सालीं निघालें. २००४ च्या एप्रिलांत जीमेल आलें, तेव्हां हॉटमेल फुकट खात्यास अवघी २ मेगाबाइट जागा देत असे. जीमेलनें १ गिगाबाइट, म्हणजे सुमारें ५०० पट जागा देऊं केली. त्या वेळीं ज्यांनीं बिऱ्हाड हलविलें त्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु ती तफावत केव्हांच बुजली. आतां हलावयाचें तें कशासाठीं?

ई-मेलच्या दळणवळणाचे नियम १९८२ पासून सर्वांस खुले आहेत. त्यांवर कोणा एका कंपनीची मालकी नाहीं. म्हणून औंढा नागनाथच्या आईनें रेडिफमेलवरून धाडलेलें पत्र जीमेल वापरणाऱ्या मुलास पुण्यांत काय किंवा परदेशांत काय, बिनतक्रार मिळतें. तिच्या जुन्या पत्त्यानें मुलाची काडीचीही अडचण होत नाहीं. उलट बँक, विमा, निवृत्तिवेतन यांच्या कागदांवर तोच पत्ता नोंदलेला असतो. तो टाकला कीं तेथील पत्रें ओस घराच्या दारांत पडूं लागतात. इतकेंच काय, वर्षभर न वापरलेलीं नांवें दुसऱ्यांस देण्याचें याहूनें २०१३ सालीं जाहीर केलें होतें. आपण सोडलेल्या घरांत परका येऊन बसला व आपलीं पत्रें वाचूं लागला, तर त्याचा बोल कोणास लावावयाचा?

जुन्या मेसेंजरांची गोष्ट निराळी आहे, हें आम्हांस मान्य आहे. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजीं बंद झालें, १९९६ सालचें आयसीक्यू २६ जून २०२४ रोजीं, आणि स्काइप मे २०२५ मध्यें. मालकानें दार लावलें आणि निष्ठावंतही रस्त्यावर आले. पण यांतून बोध कोणी घ्यावयाचा? जुन्या मेलला हंसणाऱ्यांचें सारें घरगुती बोलणें आज व्हॉट्सॲपच्या एकाच मालकाच्या वाड्यांत चालतें. जानेवारी २०२१ मध्यें त्यानें नव्या अटी पुढें केल्या, तेव्हां अनेकांनीं सिग्नल गांठलें. पण आप्तेष्ट मागेंच राहिल्यामुळें जुना वाडा कांहीं सोडवेना. आमचें चिकटून राहणें स्वेच्छेचें आहे. त्यांचें तसें म्हणवेल काय?

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र खरा आहे. २०१३ च्या चोरींत याहूचीं सर्वच, म्हणजे सुमारें ३०० कोटी खातीं सांपडलीं, हें २०१७ सालीं उघड झालें. त्यावर उपाय पासवर्ड बदलण्याचा व दुहेरी पडताळणी लावण्याचा आहे. फुकटची सेवा केव्हांही बंद पडेल, हेंही खरें. म्हणून महत्त्वाच्या पत्रांची प्रत प्रत्येकानें आपल्या घरीं ठेवावी. परंतु हा धोका केवळ जुन्या घरांतच आहे असें नव्हे. दोन वर्षें न वापरलेलीं खातीं मिटविण्यास गूगलनेंही डिसेंबर २०२३ पासून आरंभ केलाच.

औंढ्यास नागनाथाचें प्राचीन देवालय उभें आहे, आणि त्याच परिसरांत गुरुत्वीय लहरी टिपणारी, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा बांधण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मान्यता दिली. वेधशाळा यावयाची म्हणून देवालय उतरवा, असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. नवें अवश्य यावें. पण कामाचें जुनें टाकावयास सांगणारानें त्याचें काय बिघडलें तेंही सांगावें. पत्र पोंचतें आहे, उत्तर येत आहे. तोंवर पत्ता बदलण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.