शंभुनाथ डे यांची दोन पाने आणि संदर्भांची मोजदाद

(१) पटकीचा शोध कोणी लावला, असे विचारले की रॉबर्ट कॉख यांचे नाव पुढे येते. त्यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये व नंतर कलकत्त्यात या रोगाचा जंतू ओळखला, हे खरेच आहे. पण तो जंतू माणसाला नेमका कसा मारतो, हे सिद्ध व्हायला आणखी पंचाहत्तर वर्षे लागली. ते सिद्ध करणारा संशोधक कलकत्त्यातलाच होता : शंभुनाथ डे. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. आणि शास्त्रज्ञाची थोरवी आकड्यांत मोजण्याच्या आपल्या सवयीविषयीही आहे.

(२) आपल्याकडे या रोगाची दहशत केवढी होती, हे गावोगावच्या वेशीवरील मरीआईची ठाणी सांगतात. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची रीत होती. सकाळी धडधाकट असलेला माणूस तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन रात्रीपर्यंत दगावे. जंतू एखादे विष सोडत असावा, असा तर्क खुद्द कॉख यांनी केला होता. पुराव्याअभावी तो तर्कच राहिला.

(३) अडचण प्रयोगाच्या रीतीत होती. संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क जनावराच्या रक्तात अथवा उदरपोकळीत टोचत. जनावर मरे, पण माणसाला होते तशी पटकी त्याला होत नसे. त्यामुळे जंतू फुटल्यावर त्याच्या शरीरातील विष सर्वांगात भिनते, अशी समजूत दृढ झाली आणि आतड्याकडे पाहण्याचे राहून गेले.

(४) डे यांचा जन्म १९१५ सालचा, हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यातला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली विकृतिशास्त्रात पीएच.डी. मिळवून ते १९४९ मध्ये परतले. पटकीचे रुग्ण शहरातील रुग्णालयांत रोज येत होते. डे यांनी विषय निवडला तो हाच.

(५) १९५३ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो ऐकायला अगदी साधा वाटतो. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि त्या बंद पोकळीत पटकीचे जंतू सोडायचे. काही तासांत तो तुकडा द्रवाने टम्म फुगे. जिथे रोग होतो तिथेच जंतू ठेवायचा, एवढीच ती कल्पना. पण तोवरच्या साऱ्या खटाटोपात नेमकी तीच निसटली होती.

(६) पुढचे पाऊल निर्णायक ठरले. जंतू वाढवलेल्या द्रवातून सर्व जंतू गाळून काढायचे आणि उरलेले नितळ पाणीच आतड्यात सोडायचे. तरीही आतडे तसेच फुगले. याचा अर्थ मारेकरी जंतूचे शरीर नव्हते; त्याने बाहेर सोडलेले विष होते. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. लेखक एकच, मजकूर दोन पानांत मावणारा.

(७) या दोन पानांचे मोल असे : पटकीत आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही, विषामुळे त्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतू लागतात, हे यापुढील संशोधनात उलगडत गेले. अस्तर शाबूत असते म्हणूनच तोंडाने दिलेले मीठ-साखरेचे पाणी ते शोषून घेऊ शकते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी हाच उपचार मोठ्या प्रमाणावर वापरला. सशाच्या आतड्याची तीच पद्धत डे यांनी १९५६ मध्ये ई. कोलाय जंतूंनाही लावून पाहिली होती. जुलाबांच्या एका मोठ्या गटाचे कारण पुढे याच वाटेने कळले.

(८) आणि इथे मुंबईचेही नाव घेतले पाहिजे. त्याच १९५९ साली परळच्या हाफकिन संस्थेतील एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे व डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर स्वतंत्रपणे प्रयोग करून पटकीच्या विषाची भूमिका दाखवून दिली. त्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त आहे. हाफकिन म्हटले की आपल्याला प्लेगची लस आठवते. ही तीन नावे क्वचितच कोणाला ठाऊक असतात.

(९) या शोधाबद्दल डे यांना मायदेशात काय मिळाले? देशातील एकाही विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना हयातीत लाभले नाही, की एखादा मोठा राष्ट्रीय सन्मानही नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना स्टॉकहोमला बोलावले. आपण साठच्या दशकातच मेलो होतो, या परिसंवादाने आपल्याला उकरून वर काढले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तिथे काढले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले.

(१०) नोबेल विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा नोबेलसाठी सुचवले होते. बंगलोरच्या ‘करंट सायन्स’ने १९९० मध्ये डे यांच्यावर विशेष अंक काढला. तोवर पाच वर्षे उलटून गेली होती.

(११) मात्र त्याही आधी, १९८६ मध्ये, डे यांच्या कार्याचा हिशेब एका अनपेक्षित माणसाने मांडला होता : यूजीन गारफिल्ड. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढच्या कोणत्या निबंधांनी केला, याची सूची रचण्याची कल्पना त्यांनी १९५५ मध्ये मांडली आणि साठच्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला. त्याच साधनाने पटकीविषयक संशोधनाचा नकाशा काढताना डे यांचे निबंध कुठे बसतात, हे त्यांनी आपल्या ‘करंट कंटेंट्स’मधील स्तंभात दाखवले.

(१२) आकड्यांच्या विरोधकांनी इथे क्षणभर थांबावे. आज आपण ज्या मोजणीला नावे ठेवतो, तिच्या जनकानेच डे यांची कदर केली. आणि त्यांची उपेक्षा झाली ती मोजणीमुळे नव्हे. तेव्हा आपल्याकडे संदर्भोल्लेख मोजून कोणी कोणाची निवड करीत नव्हते. जाणकारांच्या विवेकावरच सारे चालत होते आणि तो विवेकच उणा पडला. म्हणून ‘आकडे फेकून द्या, पूर्वीचे दिवस बरे होते’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आकडे नसले की ओळखीपाळखी, पद आणि गट यांचेच वजन वाढते.

(१३) परंतु आकड्याला न्यायाधीश करणे, हा त्यावरील उपाय नव्हे. संदर्भोल्लेख मुख्यतः उपयोग मोजतो, खोली नव्हे. आजवर सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांचा, १९५१ चा. द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत त्यात आहे. उल्लेख तीन लाखांहून अधिक. हा काही थोर निबंध नव्हे, हे स्वतः लाउरींनी मान्य केले होते. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखांच्या पहिल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा निबंध तीत नव्हता.

(१४) कारण उघड आहे. एखादा शोध पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा मूळ निबंध कोणी उद्धृत करीत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या विस्मरणाकडे लक्ष वेधले होते : ज्ञान इतके मुरते की ज्ञात्याचे नाव पुसले जाते. म्हणजे एका मर्यादेनंतर यश वाढते, तसा आकडा घटू लागतो.

(१५) जॉर्ज हर्श यांचा २००५ चा ‘एच-निर्देशांक’ घ्या. वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले, तर निर्देशांक वीस. ज्याने पाचच निबंध लिहिले, त्याचा निर्देशांक पाचापुढे जाऊच शकत नाही. त्यातल्या एकाने वैद्यकाची दिशा बदलली तरीही. नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ तर मागील दोन वर्षांच्या निबंधांपुरताच पाहतो. डे यांचे विष शुद्ध स्वरूपात वेगळे झाले १९६९ मध्ये, अमेरिकेत. म्हणजे दहा वर्षांनी. दोन वर्षांच्या काट्यावर असे काम तोलता येणार नाही.

(१६) हे केवळ जुने दुखणे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या प्रकाशनांच्या गुणांशी जोडल्या. मागणी निर्माण झाली, तसा बाजारही उभा राहिला. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातील अभ्यासकांच्या पुढाकाराने आयोगाच्या मान्य यादीची चिकित्सा झाली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांतील तपासलेल्या नमुन्यापैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. गुण मात्र त्यापूर्वीच वाटून झाले होते.

(१७) यावर आक्षेप येतो : एका जागेला शेकडो अर्ज येतात, इतके वाचणार कोण? आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर अवघड नाही. पहिल्या चाळणीला आकडे वापरावेत. शेवटच्या दहा उमेदवारांकडून मात्र त्यांनीच निवडलेले तीन निबंध मागवावेत, समितीतील दोघांनी ते वाचावेत आणि त्यांत नवे काय आहे, हे अर्ध्या पानात लिहून खाली सही करावी. नियतकालिकाच्या नावावरून नव्हे, तर आशयावरून संशोधन जोखावे, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही म्हटले आहे. सही केली की जबाबदारी येते. गुणांच्या तक्त्याखाली ती कोणाचीच नसते.

(१८) आज एखाद्या जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयात एखादी तरुण प्राध्यापिका सहा वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत असेल. तिच्या नावावर दोनच निबंध असतील. शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याच्या नावावर चाळीस असतील. बढतीची फाइल उघडेल तेव्हा समितीसमोर हे दोन आकडे असतील. डे यांचा निबंध दोन पानांचा होता आणि तो वाचायला दहा मिनिटे पुरली असती. ती दहा मिनिटे आपल्या अकादम्यांनी दिली नाहीत. त्या प्राध्यापिकेला तरी ती मिळावीत.