पंधरा मिनिटांवर राहिलेला टॉवर

बर्फाच्या वादळाचा इशारा आला की इथल्या आपल्या देसी मंडळींत दोन पंथ तयार होतात. पहिला पंथ दुकानात जाऊन दूध, ब्रेड आणि बटाटे असे उचलतो, जणू उद्यापासून दुष्काळच. दुसरा म्हणतो, "ह्या हवामानवाल्यांचं काही खरं नसतं रे, चल!" गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बऱ्याचदा एकाच घरातून ऐकू येतात. माझं भांडण दोघांशी आहे, पण दुसऱ्याशी जरा जास्त.

गोष्ट जुनी आहे. १४ फेब्रुवारी २०१५, शनिवार. त्या महिन्यात बॉस्टनमध्ये ६४.८ इंच बर्फ पडला. शाळा सारख्या बंद, गाडी रोज उकरून काढायची, घरात बसून मुलं आणि आईबाप दोघंही पिसाळलेले. त्या दिवशी दुपारनंतर आणखी एक वादळ सुरू होऊन रात्री जोर धरणार, असा अंदाज होता. सकाळ मात्र शांत होती. म्हणून आम्ही दोन कुटुंबं स्नोशूज भाड्याने घेऊन ब्लू हिल्सला गेलो.

"वादळाच्या तोंडावर बाहेर जातं का कोणी?" असं पहिला पंथ लगेच विचारेल. जातं की! ग्रेट ब्लू हिल हा ६३५ फुटांचा डोंगर, आपल्या पर्वतीचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. शहराला अगदी लागून. जाण्यात चूक नव्हती. मात्र परत कधी फिरायचं हे निघण्यापूर्वी ठरवायला हवं. आम्ही ठरवलं होतं: कुठेही असू, एक वाजता मागे वळायचं. स्नोशूज घालून फेंगडं चालावं लागतं, खोल बर्फात उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यात माझी मुलगी आठ वर्षांची. आणि सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळणार.

एक वाजला तेव्हा वरचा दगडी टॉवर पंधरा मिनिटांवर होता. बारीक भुरभुर सुरू झाली होती. मुलीचे हातमोजे ओले झाले होते आणि ती गप्प झाली होती. (लहान मूल थंडीत रडतंय तोवर ठीक, गप्प झालं की बघावं.) मित्र म्हणाला, "एवढं आलोय तर जाऊन येऊ. इथून परत जायचं म्हणजे काय!" खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. बायको म्हणाली, "सकाळी एक वाजताचं तूच ठरवलंस ना? मग वाजला की एक." आम्ही वळलो. मित्र आणि त्याची मंडळी वर गेली.

पुढे काय झालं? काहीही नाही. पाऊण तासाने ते हसत हसत पार्किंगमध्ये आले, टॉवरचा फोटो दाखवला. रात्री वादळ आलं, दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या घरी फावडी मारत बसले. त्यानंतर प्रत्येक गणपतीत आणि दिवाळीत मित्राने ही गोष्ट सांगितली आहे. आमचं नाव 'घाबरट पार्टी'.

आता माझा मुद्दा. मंडळी, आपण कोड लिहून पोट भरतो. टेस्ट न करता शुक्रवारी संध्याकाळी कोड टाकला आणि सोमवारपर्यंत काही फुटलं नाही, तर त्याला आपण शहाणपणा म्हणतो का? नाही, नशीब म्हणतो. मग डोंगरावर हाच हिशोब उलटा का? काही झालं नाही म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. 'एवढं आलोय' हे तर कारणच नव्हे. ते पैसे वसूल करायचं गणित आहे. थाळीला ठीक, बर्फाला नाही.

"अंदाज चुकतात" हा आवडता मुद्दा. कबूल. त्याच जानेवारीत न्यूयॉर्कला दोनएक फूट बर्फाचा अंदाज होता आणि सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. केवढी टिंगल झाली! पण त्याच वादळाने वुस्टरमध्ये ३४.५ इंच बर्फ ओतला, हे कोणी सांगत नाही. वादळाचा मार्ग जरासा पूर्वेला सरकला, इतकंच. आणि १९७८ चं उदाहरण घ्या. ६ फेब्रुवारीला सकाळी बर्फ ठरल्या वेळी आला नाही. 'चुकला अंदाज' म्हणत लोक कामाला गेले. दुपारपर्यंत वादळाने गाठलं आणि रूट १२८ वर तीन हजारांहून जास्त गाड्या अडकल्या. धुराची नळी बर्फाने बुजलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसल्याने माणसं मेली. अंदाज चुकला नव्हता, काही तास उशिरा खरा ठरला होता.

"आम्ही भर पावसात राजगड केलाय" हेही ऐकवलं जातं. अरे, मग तिथला गावकरी काय सांगतो तेही आठव की. ओढ्याचं पाणी चढायला लागलं की तो म्हणतो, "आता फिरा मागं." त्याला कोणी घाबरट म्हणत नाही!

त्या डोंगराच्या माथ्यावर १८८५ पासून एक वेधशाळा आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं तिथे माणसं हवामानाची नोंद ठेवत आहेत. आणि तिच्या दारात उभं राहून आम्ही म्हणायचं, ह्यांचं काही खरं नसतं!

असो. वादळाच्या आधी जरूर जा, पोरांना घेऊन जा, ती शांतता पुन्हा मिळत नाही. कोरडे हातमोजे जास्तीचे घ्या, सुती कपडे घालू नका आणि परत फिरायची वेळ घरीच, सगळ्यांच्या देखत ठरवा. टॉवर मी पुढे जूनमध्ये पाहिला. तसा बरा आहे.