हृदयाची निर्यात

दिवाळी अंकात हृदयावर लिहायचे म्हणजे प्रेमकथाच लिहायची, असा आपल्याकडे दंडक आहे. आणि कादंबरीकार म्हणून तो मी आजवर इमानाने पाळला आहे. आज मात्र लिहायचे आहे ते बरगड्यांच्या आड धडधडणाऱ्या, कप्पे नि झडपा असलेल्या खऱ्याखुऱ्या हृदयाविषयी, आणि त्याच्या बाजारभावाविषयी. चकली खाता खाता वाचकांनी एवढे सोसून घ्यावे.

हल्ली एक शब्द फार बोकाळला आहे: ‘वैद्यकीय पर्यटन’. परदेशातले रोगी शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडे येतात, कारण येथे ती स्वस्तात होते. त्या येण्याला हे गोंडस नाव. पर्यटन! माथेरानला जातात ते पर्यटन. वेरूळची लेणी पाहतात ते पर्यटन. घरदार गहाण टाकून, छातीत गळकी झडप घेऊन, परक्या भाषेच्या मुलखात मरण चुकवायला निघालेल्या माणसाला पर्यटक म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही, एवढेच म्हणता येईल. असल्या शब्दाच्या जनकाने रोग्याच्या उशाशी एक रात्रही काढली नसावी.

२००४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा एक सुतारकाम करणारा गृहस्थ दिल्लीला आला. हृदयाची झडप बिघडलेली, विमा नाही. घराजवळच्या रुग्णालयात खर्चाचा आकडा सुमारे २,००,००० डॉलर सांगितला गेला; दिल्लीत प्रवासासकट सुमारे १०,००० डॉलरांत काम झाले. २००६ साली ही हकीकत अमेरिकन सेनेटच्या समितीपुढेही सांगितली गेली. वास्तविक लाज वाटायची ती त्या धनाढ्य देशाला. पण आपण काय केले? छाती फुगवली! शेजाऱ्याच्या घरी चूल पेटली नाही नि त्याचे पोर आपल्या ओसरीवर आले, तर त्याला पोटभर वाढावे. ते माणुसकीचेच आहे. परंतु ‘शेजाऱ्यांच्या उपाशी पोरांसाठी आमची ओसरी प्रसिद्ध’ अशी पाटी कोणी दाराला लावतो काय?

आणि स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी त्रैराशिक मला येते. त्या वेळी डॉलर साधारण ४५ रुपयांचा होता. १०,००० डॉलर म्हणजे साडेचार लाख. मजुराचा रोज ६० रुपये धरा. ७,५०० दिवस झाले. एकही खाडा न करता, एक घासही न खाता वीस वर्षे! आपल्या माणसाला दर कमी लागतो, हे मान्य. पण निम्मा धरला तरी दहा वर्षे उरतातच.

या स्वस्ताईचे श्रेय शल्यविशारदांच्या हातांना आहे, यात शंका नाही. एकाच यंत्रावर दिवसाकाठी अधिक शस्त्रक्रिया केल्या की खर्च उतरतो, हेही खरे. परंतु ज्या परिचारिका रात्रभर त्या रोग्याची नाडी मोजतात त्यांचा पगार विचारून पाहा. नि कित्येक डॉक्टरांचे शिक्षण कोणत्या सरकारी महाविद्यालयात, कोणाच्या करावर झाले, तेही विचारा. स्वस्ताईचा निम्मा अर्थ तेथे सापडेल.

२००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर परकीय चलन देणाऱ्या रोग्यावरील उपचार निर्यात समजावेत नि त्यांना निर्यातीच्या सवलती मिळाव्यात, असे स्वच्छ लिहिले आहे. रोगी बरा करणे ही निर्यात! कोकणच्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. निवडक हापूसची पेटी दुबईला जाते, डागी फळ घरच्या पोरांच्या वाट्याला येते. आंब्याचे ते चालून जाते.

अभिमानच मिरवायचा तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा मिरवावा. परदेशी झडप आपल्या रोग्याला परवडत नाही म्हणून डॉ. वलियाथन नि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे खपले. आधीचे नमुने फसले तरी हटले नाहीत. १९९० च्या डिसेंबरात त्यांची देशी झडप पहिल्या रोग्याच्या हृदयात बसली. त्यांना कोणाला पर्यटक आणायचा नव्हता.

सरहद्दीपलीकडच्या शस्त्रक्रियेचा भरवसा किती धरावा, तेही पाहा. २००३ च्या जुलैत लाहोर-दिल्ली बस पुन्हा सुरू झाली, तेव्हा अडीच वर्षांची एक मुलगी हृदयाला छिद्र घेऊन आली. बंगळूरला तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिच्यासाठी आपल्या लोकांनी पैसे पाठवले, प्रार्थना केल्या. फार चांगले केले. २०२५ च्या एप्रिलात पहलगामला निरपराध माणसे मारली गेली आणि पाकिस्तानी रोग्यांचे व्हिसे २९ तारखेपर्यंतच वैध राहिले. सिंधमधून आलेली दोन भावंडे, दोघांच्याही हृदयात जन्मजात दोष, शस्त्रक्रियेवाचून परत गेली. सरकारचे चुकले की बरोबर, हा वाद मी येथे घालीत नाही. मी एवढेच म्हणतो की मुलाचे हृदय नि त्याचा इलाज यांच्यामध्ये सरहद्द असली, तर त्या हृदयाची दोरी व्हिसाच्या शिक्क्याला बांधलेली असते. त्यांच्या आईबापांना इलाज घराजवळ हवा होता. आपला लौकिक नको होता.

आणि आपल्या मुलाला तरी तो घराजवळ आहे काय? शाळेत तपासणीचे पथक येते, छातीला नळी लावते, एखाद्या पोराच्या हृदयात वेगळा आवाज ऐकते. महात्मा फुले योजना आहे, मुलांसाठी सरकारी कार्यक्रम आहे. गरिबाला काहीच मिळत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण बाप पोराला घेऊन तालुक्याला जातो, तेथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबईला. छायाचित्रांची पिशवी छातीशी धरून परळच्या फुटपाथवर निजणारी माणसे मुंबईकरांनी पाहिली आहेत. व्हिसा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, परदेशी पैशावरच गरिबांचे उपचार चालतात. काही रुग्णालये प्रामाणिकपणे तसे करतातही. त्यांनी हिशेब दारावर लावावा, मी स्वतः जाऊन वाचीन.

मोठ्या रुग्णालयांत परदेशी रोग्यांसाठी स्वतंत्र टेबल असते. अरबी जाणणारा दुभाषा, विमानतळावर गाडी, नातलगांच्या राहण्याची सोय, खर्चाचा आकडा आधीच कागदावर. हे टेबल उचला, असे माझे म्हणणे नाही. त्याच्या शेजारी दुसरे मांडा. योजनेचा आरोग्यमित्र असतो, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या डोक्यावर कागदांचाच भार. या दुसऱ्या टेबलावर अहिराणी जाणणारा, गोंडी जाणणारा माणूस बसवा. झडप म्हणजे काय, पोर किती दिवस निजून राहील, आईने रात्री कोठे पाठ टेकावी, कोणता दाखला कमी आहे नि तो गावी परत न जाता कसा मागवावा, हे त्याने बापाला बसवून सांगावे. आणि अरबी दुभाष्याला जो पगार, तोच त्यालाही द्यावा.