करिंथची पंगत आणि राहुरीची

नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘चर्च’ हा शब्द तसा उशिरा आला. त्याचे ते ‘देऊळ’. देवळाची घंटा झाली, देवळाचे पंच बसले, असे तो सहज बोलून जातो. या पंचांपुढे, राहुरीला काय आणि इतर गावी काय, एक प्रश्न फिरून फिरून येतो. देवळाच्या जागेत उपासनेखेरीज दुसरे काही चालू द्यावे की नाही? तरुणांना स्नेहसंमेलन हवे असते, बायकांना शिवणवर्ग, कुणाला मुलीच्या लग्नाची पंगत बसवायची असते. एक पक्ष म्हणतो, द्या की किल्ली, जागा रिकामीच तर आहे! दुसरा पक्ष पवित्र शास्त्र उघडतो.

शास्त्र उघडणाऱ्यांना कोणी हसू नये. त्यांचा आधार कच्चा नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने त्या मंडळीला चांगलेच फैलावर घेतले आहे आणि खाण्यापिण्यासाठी तुम्हाला घरे नाहीत का, असे विचारले आहे. मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकणारा येशूही त्यांच्या बाजूचा साक्षीदार. शिवाय अनुभव आहेच. संमेलन म्हटले की प्रवचन दहा मिनिटांवर येते आणि पाहुण्यांचे हारतुरे तासभर चालतात. निवडणूक जवळ असेल तर विचारूच नका.

पण अध्याय उघडलाच आहे तर तो शेवटपर्यंत वाचावा. करिंथला देऊळ नव्हतेच. मंडळी जमे ती घरांतून, बहुधा एखाद्या बऱ्या स्थितीतल्या सभासदाच्या घरी. तिथेच जेवण होई आणि तिथेच प्रभुभोजन. आता हे डोळ्यांपुढे आणा. ज्यांना वेळेची ददात नाही ते लवकर येऊन पानावर बसत. मजूर आणि गुलाम दिवसभराचे काम उरकून यायचे तो भांड्यांचे तळ दिसू लागलेले. पौल लिहितो ते एवढेच, की कोणी उपाशी राहतो आणि कोणी पिऊन झिंगतो, आणि ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. त्याचा संताप पंगतीवर नाही, अर्धी माणसे यायच्या आत उठलेल्या पंगतीवर आहे. ज्याला भूक आवरत नाही त्याने घरी खाऊन यावे, असे तो सांगतो हे खरे. पण त्याच्या आधीचे सांगणे असे, की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. हे आधीचे वाक्य आमच्या वादात सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

मंदिराची गोष्टही तशीच आहे. तो बाजार भरला होता तो बाहेरच्या अंगणात, असे अभ्यासक मानतात, आणि परराष्ट्रीयाला त्या मंदिरात उभे राहायला तेवढेच अंगण होते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू जे वचन आठवून देतो तेही सर्व राष्ट्रांसाठी असलेल्या प्रार्थनागृहाचे. उपऱ्याची एवढीशी जागा व्यापाऱ्यांनी अडवली, हा त्या क्रोधाचा भाग आम्ही विसरतो आणि चौरंग तेवढे ध्यानात ठेवतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशन नगरास आले १८३१ साली. पुढे खेडोपाडी जी कामे उभी राहिली त्यांत बहुधा शाळा आणि देऊळ एकच असे. आठवडाभर मुले पाढे म्हणत, रविवारी त्याच जमिनीवर उपासना होई, आणि पुष्कळदा मास्तर तोच उपदेशक. ज्यांना गावच्या चावडीवर, पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव, त्यांना चारचौघांसारखे बसायला हे एकच छप्पर होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळली, तेव्हा कोणी हे शास्त्रात बसते की नाही म्हणून दार लावून घेतले नाही.

राहुरीत रेव्हरंड टिळकांचा संसार काही काळ होता. लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या. जात माणसाने केली, देवाने नाही, हे मनाला पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना हा क्रम ठाऊक आहे. आधी ताट, मग बाप्तिस्मा! उलट बाप्तिस्मा होऊनही पूर्वाश्रमीच्या जातींच्या पंगती वेगळ्या राहिल्याचे दुखणे आमच्याकडे होतेच. ते नुसत्या प्रवचनाने बरे झाले असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून पंचांनी किल्ली देताना ‘कार्यक्रम धार्मिक आहे की सामाजिक’ हे विचारू नये. दाराबाहेर कोण राहणार, हे विचारावे. मोठ्या बिदागीवर हॉल लग्नाला द्यायचा आणि मंडळीतल्या विधवेच्या मुलीचे लग्न झाडाखाली लावायचे, ही करिंथची पंगत झाली. असा हॉल बंद ठेवलेला बरा.

एक मर्यादा मात्र मी मानतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी वाटप बंद केले नाही. त्यासाठी सात माणसे नेमली आणि आपण वचनाच्या कामाला लागले. आमच्याकडे मांडववाल्याला फोन करण्यापासून सतरंज्या मोजण्यापर्यंत सगळे पाळकाच्या गळ्यात, आणि मग शनिवारी रात्री त्याने प्रवचन केव्हा तयार करायचे? सात माणसे मिळत नसतील तर कार्यक्रमही नको.

दुसरी एक पळवाट आहे. सेवा म्हणजे इस्पितळांचे काम, असे म्हणायचे. नगरच्या मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलने २०२० साली कोविडचे रोगी घेतले याचा अभिमान मिरवायचा, आणि आपल्या देवळाला मात्र सोमवार ते शनिवार कुलूप. याकोबाच्या पत्रात विधवा-अनाथांचा समाचार घेणे हे निर्मळ धर्माचरणात धरले आहे. ते संस्थेकडे सोपवून मंडळीने मोकळे व्हावे, असे मला तरी तिथे आढळले नाही.

राहुरी-श्रीरामपूर हा उसाचा मुलूख. दिवाळी झाली की तोडकऱ्यांच्या गाड्या येतात, माळावर कोप्या पडतात. त्या मुलांची शाळा गावी राहिलेली. आईबाप पहाटे फडात जातात ते दिवस मावळल्यावर येतात. देवळात वीज आहे, सतरंज्या आहेत, मंडळीत निवृत्त मास्तर तर हवे तितके. नाताळची पंगतही डिसेंबरातच असते, आणि फडातला माणूस संध्याकाळी सातच्या आत पोचत नाही. यंदाच्या पत्रिकेवर जेवणाची वेळ काय छापायची, ते पंचांनी त्याआधी ठरवावे.