सुटण्याची विद्या

अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरतां येत होतें, बाहेर पडतां येत नव्हतें. ही कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या सायकलीच्या पेडलांत बूट अडकून बसतो, ती शिकणाऱ्या तरुणांस मात्र तिची आठवण द्यावीशी वाटते.

पूर्वीं शर्यतींतील स्वार पाऊल पट्ट्यानें पेडलास आवळीत व उतरतांना हातानें पट्टा सैल करीत. १९८४ सालीं फ्रान्समधील लुक कंपनीनें, बर्फावरील स्कीस बूट जखडण्याची आपली युक्ति पेडलास लाविली. पुढच्याच वर्षीं बर्नार इनो यांनीं हीं पेडलें वापरून 'तूर द फ्रान्स' ही शर्यत जिंकली. बुटाच्या तळास लाविलेली पट्टी पेडलावर दाबली कीं स्प्रिंग ती धरते. टांच बाहेरच्या बाजूस फिरविली कीं सोडते.

मेख इथेंच आहे. घाबरलेला मनुष्य पाऊल वर ओढतो. तें सुटत नाहीं, आणि थांबलेली सायकल स्वारासह आडवी होते. अंगणांत ही गोष्ट हंसण्यावारी जाईल. मोटारींच्या गर्दींत प्राणांवर बेतेल.

म्हणून स्प्रिंगचा स्क्रू प्रथम अगदीं सैल ठेवावा. भिंतीस हात टेकून एकेक पाऊल अडकवावें व सोडवावें. टांच न सांगतां वळूं लागेपर्यंत. मग गवताळ मैदानावर जावें. थांबावयाचें असतां वेग पुरता ओसरण्यापूर्वींच एक पाऊल मोकळें करावें आणि त्याच बाजूस कलावें.

वडील मंडळींनीं 'ही सायकल नको' असें म्हणूं नये, असें आमचें मत आहे. 'आधीं पाऊल सोडवून दाखव', एवढेंच म्हणावें.