साधने आली, साधनेचे काय?

जळकोट तालुक्यातील शेतकऱ्यास रात्री-अपरात्री विंचू डसतो, तेव्हा त्याच्यावर कोणते उपचार व्हावयाचे हे, कोण्या संशोधकाने काय वाचले आणि काय पारखून घेतले, यावर अवलंबून असते. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात महाड परिसरात रुग्णांच्या उशाशी बसून केलेली विंचूदंशाची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. १९८६ साली प्रॅझोसिन या औषधाचा उपयोगही त्याच नियतकालिकातून जगापुढे आला. तो काळ खेड्यातील डॉक्टरला परदेशी नियतकालिकाचा एखादा अंकही दुर्लभ असण्याचा होता.

आज ती अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. 'पबमेड' १९९७ पासून सर्वांस खुले आहे. २०२५ च्या जानेवारीपासून 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेने सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय शिक्षणसंस्थांच्या दारी आणून ठेविली आहेत.

परंतु साधने आली म्हणजे विवेकही आला, असे आम्हांस वाटत नाही. २२ मे २०२० रोजी त्याच 'लॅन्सेट'ने कोरोनावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या वापराविषयी एक निबंध छापला. मूळ आकडेवारी त्रयस्थांस तपासता येईना, तेव्हा ४ जून रोजी तो मागे घेण्यात आला. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी स्थगित केली होती! नामांकित नियतकालिकाची ही कथा, मग पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्यांविषयी काय बोलावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.साठी संशोधननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, हे स्तुत्यच होय. पण २०२५ साली आयोगाने नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली, आणि पारख करण्याचा भार संस्थांवर व संशोधकांवर आला. तो पेलण्यास तीस तासांचे पाठ पुरे पडतील काय?

आमची सूचना साधी आहे. आरोग्यविज्ञानातील प्रत्येक प्रबंधासोबत कोठे, कोणत्या शब्दांनी, केव्हा शोध घेतला आणि काय, का वगळले, याची नोंद असावी. मागे घेतलेला निबंध आधारास आला नाही ना, हे परीक्षकांनी पाहावे. आणि ग्रंथपालास केवळ पुस्तकांचा राखणदार न समजता मार्गदर्शकाच्या शेजारी बसवावे. यास वेळ लागेल, अशी तक्रार होईल. ती आम्हांस मान्य नाही. प्रबंध पदवीसाठी लिहिला जात असला, तरी त्यातील चुकीची किंमत तो कधीच न वाचणारा रुग्ण मोजीत असतो.