भिलाईचे पाणी आणि ‘अनुत्पादक खर्चा’चा कांगावा

भिलाईच्या सिविक सेंटरभोवती पसरलेल्या सेक्टरांतील जुन्या जलवाहिन्या बदला, अशी मागणी पुढे आली की एक ठरलेले उत्तर मिळते. कारखान्याचे काम पोलाद काढण्याचे आहे, घरोघर नळ पुरवण्याचे नव्हे; नगरावरील खर्च अनुत्पादक आहे. सार्वजनिक उद्योग मोडीत काढू पाहणाऱ्यांनी हे म्हणावे यात नवल नाही. नवल याचे की, आपल्यातील काही साथीही हा युक्तिवाद निमूटपणे ऐकून घेतात. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

हे नगर कोणी दानधर्म म्हणून वसवलेले नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या कामगाराला घर आणि पाणी देणे ही उत्पादनाचीच पूर्वअट होती. तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या जलाशयात आणले गेले, ते भट्टीसाठी आणि घरातल्या नळासाठीही. घर, पाणी, दवाखाना हा वेतनाचाच भाग होता. त्यात काटछाट करणे ही वेतनकपातच आहे. फरक इतकाच की, पगारपत्रकावर ती दिसत नाही.

जुनी लोखंडी वाहिनी एका दिवसात फुटत नाही. आतून गंज धरतो, मार्ग अरुंद होतो, सांधे सैल पडतात. जिथे पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते तिथे पुरवठा थांबला की नळीतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराची घाण त्याच फटींतून आत शिरते. सकाळच्या पहिल्या घागरीतून ती घरात येते. या आजारपणाचा खर्च ताळेबंदात कोठेच लिहिला जात नाही, तो कामगाराच्या बायकामुलांच्या माथी पडतो. वाहिनीची दुरुस्ती मात्र ‘खर्च’ म्हणून लिहिली जाते आणि नफ्यातून वजा होते.

१८८५ साली एंगेल्सने प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या दुसऱ्या खंडात मार्क्सने स्थिर भांडवलाच्या झिजेची चर्चा केली आहे, तीही रेल्वेच्या रुळांचे उदाहरण घेऊन. रूळ घडवणाऱ्या भिलाईच्या कामगाराने ती पाने अवश्य वाचावीत. यंत्रांची साफसफाई कामगारांकडून फुकटात, कधी कधी यंत्र चालू असतानाच करवून घेतली जाते आणि बहुतेक अपघात तेथेच जन्म घेतात, असे मार्क्स तेथे दाखवतो.

भिलाईला याचा प्रत्यय पुस्तकाबाहेर आला. झोतभट्टीतून निघणारा वायू पाण्याने धुतला जातो. पाण्याचा दाब हाच त्या विषाला अडवणारा बांध असतो. १२ जून २०१४ रोजी क्रमांक दोनच्या पंपगृहात बिघाड झाला, दाब कोसळला आणि कार्बन मोनॉक्साइड उलट्या वाटेने पंपगृहात शिरला. सहा जण दगावले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. पाणी ‘दुय्यम सेवा’ आहे असे म्हणणाऱ्यांनी या सहा मृत्यूंचा हिशेब द्यावा. पुढे १४ जून २०१८ रोजी विस्तारित कारखान्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते थाटात पार पडले. त्यानंतर चार महिनेही लोटले नव्हते तोच, ९ ऑक्टोबरला, कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग भडकली आणि दहाहून अधिक कामगार-कर्मचाऱ्यांचा बळी गेला. अशा बातम्यांचे भाषांतर करताना ‘अपघात’ हा शब्द लिहावा लागतो, आणि दर वेळी तो खोटा वाटतो.

मग खासगी कंपनीकडे सोपवा, असा दुसरा सल्ला येतो. हा प्रयोग याच दुर्ग जिल्ह्यात झालेला आहे. १९९८ साली शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्याच्या नावाखाली रेडियस वॉटर या कंपनीला २२ वर्षांसाठी देण्यात आला. काठावरच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना आपल्याच नदीवर मज्जाव झाला. २००७ साली छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीनेच हा करार रद्द करण्याची शिफारस केली. ज्यांना नदी विकताना लाज वाटली नाही, त्यांच्या हाती सेक्टरांतल्या नळ्या द्यायच्या काय?

प्रश्न पैशाचा असल्याचे सांगितले जाते. पण नव्या भट्टीला पैसा मिळतो, कारण तिचे उद्घाटन करता येते; जमिनीखालच्या नळीवर कोनशिला बसवता येत नाही. एकेकाळी पन्नास हजारांहून अधिक कायम कामगार असलेल्या या कारखान्यात आज त्यांची संख्या एक तृतीयांशही उरलेली नाही, आणि कोणता व्हॉल्व्ह कोठे पुरला आहे हे ज्याला ठाऊक होते तो मिस्त्री निवृत्त झाला आहे. त्याच्या जागी आलेला ठेकेदाराचा माणूस ठेका संपला की जातो.

म्हणून केवळ ‘स्वच्छ पाणी द्या’ एवढी घोषणा पुरणार नाही. प्रत्येक सेक्टरातील वाहिनी कोणत्या साली टाकली, कितीदा फुटली, कोणती केव्हा बदलणार, याची यादी व्यवस्थापनाकडून मागितली पाहिजे. ती सिविक सेंटरात, बाजाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला वाचता येईल अशा जागी लावली पाहिजे. आणि त्या कामावर कायम कामगार नेमले पाहिजेत.